औषध नसलेली सुई

गेल्या पावसाळ्यात आईच्या डाव्या हाताची नखे कापायला आम्हांला तीन माणसे लागत. पत्नी मनगट धरून ठेवी, मी एकेक बोट उलगडून वर उचलून धरी आणि बहीण आलेली असली तर नेलकटर तिच्या हाती असे. बोट सुटले की ते पुन्हा तळव्यात जाऊन रुते. मुठीच्या आतली कातडी दिवसभर पाण्यात राहिल्यासारखी पांढरी आणि मऊ पडलेली असे, तिला आंबूस वास येई, आणि तळव्यावर नखांच्या चार चंद्रकोरी उमटलेल्या असत, ज्यांतली करंगळीखालची एक तर कधी भरूनच येत नसे. अर्धांगवायूनंतरच्या आयुष्याविषयी जे काही वाचायला मिळते त्यात रुग्ण पुन्हा चालू लागतो, बोलू लागतो, सही करू लागतो. मुठीच्या आतल्या या वासाबद्दल मात्र कोणी लिहीत नाही, आणि आमच्या घरात तरी सगळ्यांत मोठा प्रश्न तोच होता.

आम्ही गोव्यातल्या म्हार्दोळचे. श्रावणात जायांचा हंगाम आला की घराघरांतून कळ्यांच्या परड्या भरतात आणि केळीच्या दोराने गुंफलेल्या फाती, म्हणजे माळा, देवळात जातात, हे इथे सर्वांना ठाऊक आहे. आईने हे काम लग्न होऊन आल्यापासून केले. त्या पावसाळ्याच्या आधीच्या दिवाळीनंतर एका सकाळी तिच्या अंगावरून वारे गेले. बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात, नेईपर्यंत डावा हात आणि डावा पाय पूर्ण लुळे पडले होते. मेंदूच्या उजव्या बाजूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली होती. घरी परत आणले तेव्हा तिचा डावा हात ओल्या टॉवेलसारखा लोंबत असे आणि खांदा निखळू नये म्हणून आम्ही तो उशीवर ठेवत असू.

पाचव्या-सहाव्या आठवड्यात कोपर आपोआप वाकू लागले, बोटे मिटू लागली. मला हे कबूल केले पाहिजे की त्या वेळी आम्हां सर्वांना आनंद झाला. लुळ्या हातात जोर येतोय असे वाटले. मी शाळेतल्या सहकाऱ्यांना तसे सांगितलेही. पुढच्या तपासणीत डॉक्टरांनी आईला बोटे उघडायला सांगितले, तेव्हा लक्षात आले की मिटण्याचा तो जोर तिचा नव्हताच. मूठ मिटत होती, पण ती तिने मिटलेली नव्हती, आणि म्हणून तिला ती उघडताही येत नव्हती.

याला स्पॅस्टिसिटी म्हणतात. स्नायूंच्या आत ताण मोजणारे सूक्ष्म संवेदक असतात. स्नायू ताणला गेला की ते मज्जारज्जूला निरोप पाठवतात आणि मज्जारज्जू त्या स्नायूला आकसण्याची आज्ञा देतो. गुडघ्याखाली हातोडी मारल्यावर पाय उडतो तो याच वाटेने. निरोगी माणसात मेंदू या प्रतिक्षिप्त क्रियेला लगाम घालून असतो. मेंदूतून खाली येणाऱ्या वाटा तुटल्या की लगाम सुटतो आणि मज्जारज्जू किरकोळ ताणालाही अवाजवी उत्तर देऊ लागतो. जेम्स लान्स या ऑस्ट्रेलियन मज्जाविकारतज्ज्ञाने 1980 मध्ये केलेल्या व्याख्येत वेग हा शब्द कळीचा आहे: स्नायू जितक्या झटकन ताणाल तितका तो जास्त विरोध करतो. आमच्या फिजिओथेरपिस्टने हे मला आईच्या कोपरावरच करून दाखवले. अगदी सावकाश सरळ केले तेव्हा कोपर जवळजवळ पूर्ण उघडले. तेच झटक्यात सरळ करू गेल्यावर अर्ध्या वाटेवर दार कडीत अडकावे तसे अडले. संथ आणि जलद अशा दोन्ही गतींनी तपासून त्यांतला फरक नोंदवण्याची ही पद्धत टार्डियू मोजणी म्हणून ओळखली जाते.

जास्त वापरात आहे ती मात्र सुधारित अॅशवर्थ श्रेणी. मूळ श्रेणी 1964 ची. 1987 मध्ये बोहानन आणि स्मिथ यांनी तिच्यात एक जादा पायरी घातली, म्हणून ती 0, 1, 1+, 2, 3, 4 अशी विचित्र मोजली जाते. शून्य म्हणजे ताठरपणा नाही, चार म्हणजे सांधा हलतच नाही. आईचे कोपर 2 वर होते आणि बोटे 3 वर. ही श्रेणी तपासणाऱ्याच्या हाताला काय जाणवते यावर उभी आहे, त्यामुळे तिच्यावर आधारलेल्या कोणत्याही दाव्याकडे थोडे सावधपणे पाहावे लागते, हे मला पुढे बरेच वाचल्यावर कळले.

शिवाय ताठरपणा केवळ मज्जातंतूंमुळे होतो असेही नाही. महिनोन्महिने आखडलेल्या स्थितीत राहिलेला स्नायू खरोखरच लांबीने कमी होतो, त्याच्याभोवतीचे आवरण घट्ट होते, त्यात तंतुमय ऊती वाढतात. म्हणजे सुटलेला लगाम आणि आखडलेले मांस असे दोन वेगळे दोष एकाच मुठीत एकत्र नांदत असतात, आणि कोणता किती हे बाहेरून चटकन सांगता येत नाही.

औषधांचा अनुभव थोडक्यात सांगतो. बॅक्लोफेनने मूठ किंचित सैल झाली, पण आई दिवसभर पेंगू लागली आणि चांगल्या उजव्या अंगातही अशक्तपणा आला. गोळी संपूर्ण शरीरावर काम करते, एकट्या डाव्या हातावर नाही. डॉक्टरांनी दुसरा पर्याय सुचवला तो बोट्युलिनम विषाच्या इंजेक्शनचा, ज्याला सगळे बोटॉक्स म्हणतात. मज्जातंतूच्या टोकातून स्नायूला आकसण्याचा निरोप नेणारे अॅसिटिलकोलीन हे रसायन ते अडवते. परिणाम काही दिवसांत दिसू लागतो आणि साधारण तीन महिने टिकतो. हातातील ताठरपणा कमी करण्यासाठी त्याच्यामागे असलेला पुरावा भक्कम आहे, आणि पैशांची अडचण नसेल तर त्याचाच विचार आधी करावा असे मी आजही म्हणेन. आम्हांला दर तीन-चार महिन्यांनी तो खर्च झेपणारा नव्हता. चतुर्थीला घर पाहुण्यांनी भरले तेव्हा ज्याच्या-त्याच्याकडे एकेक उपाय होता, कोणाचे तेल, कोणाचा वैद्य, आणि त्यातच एका भाच्याने ड्राय नीडलिंगचे, म्हणजे औषध न भरता नुसती बारीक सुई स्नायूत टोचण्याच्या उपचाराचे, नाव काढले.

पहिला अनुभव वाईट आला. ज्या दवाखान्यात आम्ही आधी गेलो (नाव लिहीत नाही, गावही नाही) तिथे आईला खुर्चीत बसवून, कोणती औषधे चालू आहेत हे न विचारता, दंडात आणि पोटरीत मिळून दहा-बारा सुया टोचण्यात आल्या. आई रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या घेत होती. घरी पोहोचेपर्यंत दंडावर तळहाताएवढे काळेनिळे वळ उठले होते आणि ते उतरायला पंधरा दिवस गेले. मी तेव्हा ही गोष्ट कायमची सोडून द्यायच्या विचारात होतो. चूक सुईची की विचारपूस न करण्याची, हा प्रश्न मला पत्नीने विचारला.

फोंड्याला ज्या तरुण फिजिओथेरपिस्टकडे आम्ही मग गेलो, तिने पहिल्या भेटीत सुई काढलीच नाही. औषधांची चिठ्ठी मागितली. आईला डाव्या हाताला स्पर्श कळतो का हे डोळे मिटायला लावून तपासले, कारण ज्याला दुखणे जाणवत नाही तो दुखतेय हेही सांगू शकत नाही. फिट येते का, मधुमेह आहे का, सुईची भीती वाटते का, हे विचारले. अॅस्पिरिनसारखी गोळी चालू असली म्हणजे सुई टोचूच नये असे नाही, पण टोचल्या जागी जास्त वेळ दाबून धरावे लागते आणि जिथे वरून दाबता येत नाही अशा खोल स्नायूंत जाऊ नये. वॉर्फरिनसारखे औषध असेल तर आधी रक्त गोठण्याची तपासणी आणि डॉक्टरांची संमती हवीच, असे तिने समजावले. आणि शेवटी तिने जो प्रश्न केला तो त्या आधी आम्हांला कोणीही केला नव्हता: हा हात सैल झाला तर तुम्हांला त्याचे नेमके काय करायचे आहे?

मी म्हणालो, हात चालायला हवा. पत्नी म्हणाली, नखे कापता यायला हवीत आणि ब्लाउजच्या बाहीत हात घालता यायला हवा. तिने पत्नीचे उत्तर लिहून घेतले.

आईला काळजी वेगळीच होती. या सुईत औषध भरलेले नसते हे ऐकल्यावर तिने आपल्या कोकणीत विचारले, "वखद ना जाल्यार सुई कित्याक?" औषधच नाही तर सुई कशाला, हा प्रश्न वैद्यकाच्या इतिहासातही असाच पडलेला होता. स्नायूंतील दुखऱ्या गाठींवर, ज्यांना ट्रिगर पॉइंट म्हणतात, जॅनेट ट्रॅव्हेल ही अमेरिकन डॉक्टर 1940 च्या दशकात बधिर करणारे प्रोकेन टोचत असे. पुढे ती राष्ट्राध्यक्ष केनेडी यांची वैद्य झाली. मग काहींच्या लक्षात येऊ लागले की औषध न भरता नुसती सुई टोचली तरी अनेकदा दुखणे थांबते. चेक डॉक्टर कारेल लेविट यांनी 1979 मध्ये हा सुईचा परिणाम औषधापासून वेगळा काढून मांडला. औषध नाही म्हणून कोरडी, ड्राय, एवढाच त्या नावाचा अर्थ. सुई अॅक्युपंक्चरचीच, भरीव आणि केसासारखी बारीक, पण टोचण्यामागचा विचार निराळा: तिथे ऊर्जेच्या वाहिन्यांचा नकाशा असतो, इथे शरीररचनेच्या पुस्तकातला स्नायू. दुखण्यासाठी निघालेली ही पद्धत मेंदूच्या आजारांतील ताठरपणासाठी वापरण्याची रीतसर मांडणी स्पेनमधील सारागोसा येथे पाब्लो एरेरो यांनी 2007 मध्ये केली, आणि त्यानंतर या विषयावरचे बरेचसे काम स्पेन आणि इराण या दोन देशांतून आले आहे.

आईला यातले मी काहीच सांगितले नाही. फिजिओथेरपिस्टने तिला एवढेच म्हटले, "आजी, नारळाच्या दोरीची गाठ सुटत नाही तेव्हा तुम्ही त्यात दाभण घालून हलवता ना, तसे." आईला ते पटले. शास्त्राला ते पूर्ण पटेल की नाही याबद्दल मला शंका आहे, पण उपमा वाईट नव्हती.

दुसऱ्या भेटीत सुई निघाली. आईला पाठीवर निजवले, डावा हात उशीवर, तळवा वर. हाताच्या पुढच्या भागातला, बोटे मिटवणारा स्नायू तिने चिमटीत घेऊन चाचपला, आणि ताठ दोरी लागली तिथे स्पिरिटचा बोळा फिरवला. सुई 0.30 मिलिमीटर जाडीची आणि 40 मिलिमीटर लांबीची होती, प्लास्टिकच्या बारीक नळीत बसवलेली. नळी कातडीवर टेकवून वरच्या टोकाला बोटाने एक टिचकी, की सुई कातडीतून आत. मग नळी काढून ती सुई हळूच खोल गेली आणि जागच्या जागी वरखाली होऊ लागली. तिसऱ्या-चौथ्या हेलकाव्याला आईची अनामिका एकदम उडाली, मासळी गळाला लागल्यावर दोरी हिसडावी तशी. आई दचकली. मी तर उभाच राहिलो. "हेच हवे होते," फिजिओथेरपिस्ट म्हणाली, आणि हिसडे येणे थांबेपर्यंत सुई तशीच हलवत राहिली. एकेका जागी मिनिटभराहून कमी वेळ. चार जागा झाल्या आणि सुया पांढऱ्या, सुई आरपार जाणार नाही अशा डब्यात गेल्या. टोचल्या जागा तिने कापसाने घड्याळ लावून दाबून धरल्या.

मग तिने आईच्या मनगटाला आधार देऊन बोटे उघडली. ती सहज उघडली असे लिहिणे खोटे ठरेल. कुरकुर होती, पण ती उघडली, आणि सोडल्यावर पूर्ण मिटली नाहीत. बोटांची टोके आणि तळवा यांच्यात माझी तीन बोटे मावत होती. पत्नीने पर्समधून नेलकटर काढले आणि तिथेच, दवाखान्याच्या खाटेवर, एकटीने पाचही नखे कापली.

सुई काढल्यावर काम संपले असे मला वाटले होते, पण ते तेव्हा सुरू झाले. पुढचा अर्धा तास फिजिओथेरपिस्टने आईला बसते करून तिचा उघडा तळवा खाटेवर टेकवला आणि शरीराचा भार हळूहळू त्यावर घ्यायला लावला. टॉवेलवर हात ठेवून तो पुढे सरकवायला लावला. प्लास्टिकचा पेला उजव्या हाताने डाव्या मुठीत द्यायचा आणि डाव्याने सोडायचा, हे पंधरा वेळा करून घेतले. पेला सोडणे आईला दोनदाच जमले. मला समजावताना ती म्हणाली की सुईने फक्त दार किलकिले होते, ते पुन्हा लोटले जाण्याआधी जे आत न्यायचे ते न्यावे. नुसता ताण देत राहिल्याने सांधे आखडणे टळते, या सर्वमान्य समजुतीमागेही म्हणावा तसा पुरावा नाही. म्हणून ताण देण्यापेक्षा काहीतरी करवून घेण्यावर तिचा भर होता.

दार किती वेळ किलकिले राहते हे पाहण्यासाठी मी एक वही घातली. मोजमाप घरगुती: रोज सकाळी बोटांची टोके आणि तळवा यांच्यात माझी किती बोटे जातात. सुई झाली त्या दिवशी तीन. दुसऱ्या दिवशी तीन. चौथ्या दिवशी दोन. आठव्या दिवशी एक, तेही कष्टाने. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा सुई, पुन्हा तीन. महिन्याभरानंतर आठव्या दिवशीही दोन राहू लागली आणि मग भेटी दहा-बारा दिवसांवर गेल्या. एका आईच्या एका मुठीवरून शास्त्र सिद्ध होत नाही, हे मी मुलांना विज्ञान शिकवतो म्हणून मला चांगलेच माहीत आहे. पण वहीतला हा चढउतार छापील अभ्यासांत जे दिसते त्याच्याशी जुळणारा आहे.

छापील अभ्यास असे सांगतात की पक्षाघातानंतरच्या ताठरपणावर ड्राय नीडलिंगचा परिणाम होतो, तो लगेच दिसतो आणि अल्पकाळ टिकतो. सांध्याची हालचाल काही अंशी वाढते. हाताने काम करण्याची क्षमता त्यामुळे सुधारते काय, या प्रश्नाला मात्र ठाम उत्तर मिळत नाही. बहुतेक चाचण्या लहान आहेत, थोड्या रुग्णांवरच्या, काही आठवड्यांपुरत्या, आणि मोजमाप पुष्कळदा त्याच हाताला जाणवणाऱ्या अॅशवर्थ श्रेणीने केलेले. शिवाय सुई टोचली की नाही हे रुग्णापासून लपवणे गोळीइतके सोपे नसते, त्यामुळे खोट्या उपचाराशी तुलना करणेही अवघड जाते. सुई नेमके काय करते यावर तज्ज्ञांचे एकमत नाही. मज्जातंतू आणि स्नायू जिथे जुळतात तिथली अवाजवी विद्युत-हालचाल तो हिसडा येऊन गेल्यावर शांत होते, असे एक मत. आकसून घट्ट बसलेले तंतू आणि आवरण सुईच्या यांत्रिक धक्क्याने सैल होतात, असे दुसरे. सुईची संवेदना मज्जारज्जूपर्यंत जाऊन तिथली प्रतिक्षिप्त क्रिया काही काळ मंदावते, असे तिसरे. तिन्ही थोडी थोडी खरी असण्याची शक्यता मला जास्त वाटते, कारण दोषच मुळात एकाहून अधिक आहेत.

जे कोणी सुईने मेंदूतली तुटलेली वाट पुन्हा जोडली जाते असे सांगत असतील, त्यांच्यापासून दोन हात दूर राहावे. सुई मांसात जाते, मेंदूत नाही.

पायाची गोष्ट वेगळी आणि जास्त अवघड निघाली. आईची डावी टाच जमिनीला टेकत नसे, पाऊल आत वळलेले असे आणि चालताना चवडा घासत येई. आमचे घर जुने आहे; माजघर आणि स्वयंपाकघर यांच्यामधला उंबरठा चांगला वीतभर उंच. त्या उंबरठ्यावर ती दोनदा अडखळली होती. मी आपला उत्साहाने म्हणालो की पायाच्या सगळ्याच ताठ स्नायूंना सुई देऊन टाका. फिजिओथेरपिस्टने नकार दिला. आईचा गुडघा मांडीच्या पुढच्या स्नायूच्या ताठरपणामुळेच सरळ राहतो, आणि त्याच ताठ पायावर ती उभी राहते. तो सैल केला तर खाली दडलेला अशक्तपणा उघडा पडेल आणि पाय दुमडेल, असे तिचे म्हणणे. सगळा ताठरपणा वाईट नसतो, काही ताठरपणा म्हणजे माणसाने नकळत शोधलेली काठी असते, हे मला तोवर सुचलेच नव्हते. तिने फक्त पोटरीच्या वरच्या स्नायूंत सुई दिली. पाऊल आत वळवणारा स्नायू पोटरीत अगदी खोलवर, रक्तवाहिनीच्या शेजारी असतो; आईच्या गोळ्या पाहता तिथे न जाण्याचा निर्णय तिने घेतला आणि त्यासाठी पुढे कधी सोनोग्राफीच्या मदतीने बोटॉक्सचा विचार करावा असे चिठ्ठीवर लिहून दिले. आपल्याला काय येत नाही किंवा काय करू नये हे लिहून देणारा माणूस मला विश्वासाचा वाटतो.

पोटरीनंतर तिने आईला लगेच घरी जाऊ दिले नाही. कमरेला पट्टा बांधून, तो स्वतः धरून, दहा पावले चालवले. चौथ्या पावलाला गुडघा खरोखरच पुढे लचकला. त्या दिवशी आईने घरी काठी आणि माझा हात दोन्ही धरले, आणि पुढचे दोन दिवस आम्ही तिला उंबरठा ओलांडू दिला नाही. टाच आता टेकते, पण उंबरठ्यासाठी शेवटी सुतारच बोलावला. दोन्ही बाजूंनी लाकडी उतार बसवून घेतला. सुईपेक्षा तो स्वस्त पडला आणि त्याचा परिणाम आठव्या दिवशी उतरत नाही.

एक प्रसंग इथे लिहिला नाही तर हे लिखाण अपुरे राहील. डिसेंबरात एका आठवड्यात वहीतला आकडा एकाएकी शून्यावर आला. आदल्याच गुरुवारी सुई झाली होती, तरी मूठ दगडासारखी, कोपर छातीला चिकटलेले, पायही ताठ. मी थंडीवर खापर फोडले आणि ठरलेल्या दिवसाआधीच आईला घेऊन गेलो. फिजिओथेरपिस्टने सुया काढल्याच नाहीत. लघवीला जळजळ होते का, पोट साफ आहे का, कुठे जखम किंवा नख दुखते का, असे ती विचारत गेली. आई संकोचाने काही बोलेना. पत्नीला बाजूला नेऊन विचारल्यावर कळले की लघवीला जळजळ चार दिवसांपासून होती. तपासणीत जंतुसंसर्ग निघाला, औषध सुरू झाले आणि आठवड्याभरात मूठ सुई न टोचताच पहिल्यासारखी झाली. शरीरात कुठेही दुखणे, जंतुसंसर्ग, तुंबलेले मूत्राशय, बद्धकोष्ठ किंवा नीट न बसणारी स्प्लिंट (अवयवाला आधार देणारी पट्टी) असली की मज्जारज्जूला जादा निरोप जातात आणि ताठरपणा वाढतो. ज्या माणसाला आपले दुखणे नीट सांगता येत नाही किंवा सांगायची लाज वाटते, त्याची मूठ ते सांगते. त्या दिवशी कोणी सुई टोचली असती तर पैसे गेले असते आणि आजार दडून राहिला असता.

आता ओळखीपाळखीचे लोक मला फोन करून विचारतात, सुईने हात आला का? हात आला नाही. आईला डाव्या हाताने पेला उचलता येत नाही आणि येईल असे कोणी आम्हांला सांगितलेलेही नाही. मी त्यांना उलट विचारतो की तुमच्या रुग्णाचे नेमके काय अडले आहे, आणि समोरून बहुतेकदा शांतता येते, नाहीतर पहिल्या दिवशी मी दिले होते तसले मोघम उत्तर. मग एवढेच सुचवतो की जो सुई टोचणार आहे त्याने ताठरपणावर हे काम रीतसर शिकून घेतले आहे का ते विचारा, कारण कंबरदुखीवर सुई टोचणे आणि पक्षाघातावर टोचणे ही दोन वेगळी कामे आहेत. चालू औषधांची चिठ्ठी स्वतःहून पुढे करा. छाती आणि खांद्याच्या भागात सुई जाणार असेल तर फुप्फुसाला इजा होण्याचा दुर्मीळ पण खरा धोका असतो, त्याबद्दल विचारायला लाजू नका. आणि सुईनंतरच्या अर्ध्या तासात तो काय करवून घेणार हे ऐका. त्या अर्ध्या तासाचे उत्तर नसेल तर सुईवर पैसे घालवू नयेत असे माझे मत झाले आहे.

सध्या आम्ही तीन आठवड्यांनी एकदा जातो. रात्री हातात स्प्लिंट असते, दिवसा मुठीत मऊ सुती कापडाची गुंडाळी, जी पत्नी दोनदा बदलते. तळव्यावरच्या चंद्रकोरी बुजल्या, करंगळीखालची सर्वांत शेवटी. वास गेला. ब्लाउजच्या बाहीत आधी डावा हात आणि मग उजवा, हा क्रम आईने पाठ केला आहे आणि आम्ही चुकलो तर ओरडते.

या श्रावणात शेजारची वहिनी जायांची परडी घेऊन आली. आईने पाट मागितला. डाव्या हाताची बोटे तिने उजव्याने एकेक करून उघडली, तळवा पाटावर उपडा टेकवला आणि केळीच्या दोराचे टोक त्या तळव्याखाली दाबून धरले, जसे एखाद्या वजनाखाली धरावे. फात उजव्या हातानेच गुंफली गेली, गाठी सैल, कळ्या विरळ, आणि वीतभर झाल्यावर बोटे मिटून दोर निसटला. फिजिओथेरपिस्टच्या चिठ्ठीवर हे काम कुठेच नव्हते. वहीत त्या दिवशी मी लिहिले: सुई होऊन सहावा दिवस, दोन बोटे, एक वीत.